निळा ओघळ

लंडनच्या संग्रहालयात दोन ताटं शेजारी मांडली होती. एक जुनं तुर्की. दुसरं, कित्येक पिढ्यांनंतर युरोपातल्या कुणा कुंभारानं त्यावर भाळून घडवलेलं. जुन्यावरच्या फुलाचा निळा रंग पाकळीबाहेर ओघळला होता. नव्यातही तसाच, तिथेच.

माझे सासरे, आबा, जन्मभर भट्टीपाशी राबलेले कुंभार. काचेला नाक लावून म्हणाले, "हा ओघळ भट्टीत आलाय. तो मात्र ब्रशनं काढलाय."

"म्हणजे चूकही उतरवली?" मी हसले.

आबा हसले नाहीत. भट्टी उघडल्यावर त्या तुर्की कुंभारानं कपाळावर हात मारला असेल. त्याचं नावही आज कुणाला ठाऊक नाही. आणि परमुलखातला एक कसलेला कारागीर श्वास रोखून त्याची फजिती गिरवत बसला! याहून मोठी जीत कुठली?

आबांनी टोपी नीट केली, ताठ उभे राहिले.

"सूनबाई, माझा फोटो काढ. खऱ्या ओघळाशेजारी."