देव नसलेली खोली

जाऊबाई, टेम्पोत सामान चढलं आणि मी देव्हाऱ्यातली माझी अन्नपूर्णा उचलायला वाकले. लग्नात आईनं दिलेली. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "ठेव वं ते! पोरीच्या शाळेसाठी जाऊन राहिले तुमी, वेगळे नाई होऊन राहिले. देव इथंच राहतीन." धाकट्यानं वेगळे देव मांडले की घर फुटलं, असंच आपल्याकडे समजतात. मी ती परत जागेवर ठेवली. तुम्ही बाजूलाच होतात.

कन्हान नदीपलीकडच्या आपल्या गावच्या शाळेत एकच गुरुजी सगळे वर्ग सांभाळायचे, म्हणून आम्ही शहरात, बेसाला खोली केली. इथं आरटीईमधून घराजवळच्या इंग्रजी शाळेत आठवीपर्यंत फी नाही. लॉटरीत स्वराचं नाव निघालं, मी गल्लीभर पेढे वाटले. तेवढ्यात कोणीतरी तक्रार केली, की खेड्यातले लोक नुसत्या पत्त्यासाठी खोल्या घेऊन ठेवतात. काही जण ठेवतातही म्हणा.

व्हेरिफिकेशनला साहेब आले. भाड्याचा करार त्यांनी धड पाहिलाही नाही, खोलीच पाहत राहिले. एक गादी, गॅस, जेमतेम भांडी.

"देव कुठं आहेत बाई तुमचे?"

"गावाले."

"अन् राहता इथं?"

"सासूनं नाई आणू देले, साहेब," मी खरं तेच सांगितलं. ते हसले. पुन्हा येतो म्हणाले, कधी ते सांगितलं नाही.

बाप्पा, काय ते दिवस! दार वाजलं की आधी फटीतून पाहायची. दळणाला जायची हिंमत होईना, साहेबांना नेमकं कुलूप दिसलं तर? पोरीची शाळा माझ्यामुळे जाणार, हेच डोक्यात. हे म्हणाले, "बाजारातून एक फोटो आणून लाव ना." पण मला साहेबांपेक्षा सासूबाईंचीच जास्त भीती वाटत होती.

शेवटी त्यांनाच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी भाऊजी फडक्यात गुंडाळलेली अन्नपूर्णा घेऊन आले. सोबत निरोप होता, "पोरीचं शिकणं होऊ दे. आता तुमचं तुमी पाहा."

साहेब पुन्हा आले तेव्हा तिच्यापुढे दिवा लावलेला होता. त्यांनी मान डोलावली, सही केली. स्वरा आता पहिलीत आहे, माझे इंग्रजी उच्चार सुधारते.

आणि या महालक्ष्म्यांना मी गावी आले. पदर खोचून चुलीकडे निघाले, तर सासूबाईंनी पाट मांडला. "बस वं. तू पाहुणी." अगदी मायेनं म्हणाल्या. मी खोचलेला पदर सोडला आणि पाटावर बसले.

बेसाची खोली आता माझं घर आहे, तसं सरकारनं मान्य केलंय. आपल्या घराचं कोणाकडून मान्य करून घेऊ? जाऊबाई, पुढच्या वर्षी पुरणाची कढई माझ्या हातात द्याल ना? खरं सांगते, त्या पाटावर बसताना मी जेवढी भ्याले, तेवढी साहेब दारात उभे होते तेव्हासुद्धा भ्याले नव्हते.