शिवलिंगने काढलेला पाय

सेलूच्या मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी, शिवलिंग नावाचा तरुण बैलगाड्या आणि दारं रंगवायचा. वेल, मोर, कमळ यांत त्याचा हात बसलेला होता. माणूस काढायची वेळ त्याच्यावर आली ती थोरल्या भावामुळे, सांबप्पामुळे.

सांबप्पा किराणा दुकान सांभाळायचा आणि तालमीत मेहनत करायचा. पेडगावच्या जत्रेत त्याने तिथले जमीनदार दिनकरराव यांनी बाहेरून आणलेला पैलवान चीत केला. दिनकरराव भर आखाड्यातून उठून गेले. परतीच्या वाटेवर, दिवस मावळताना, गाडीचा आस कुरकुरू लागला म्हणून बैल सोडून, जू टेकूवर ठेवून शिवलिंग वंगण घालायला गाडीखाली शिरला. तेवढ्यात तोंडं बांधलेले तिघे-चौघे आले. त्यांनी आधी गाडीचा टेकू लाथाडला. शिवलिंग गाडीखाली दबला, ओरडायलाही छाती उचलेना. सांबप्पाची गयावया कानावर येत होती, पण चाकाच्या आऱ्यांतून त्याला मारणाऱ्याचा फक्त एक पाय दिसत राहिला, मागून. सांबप्पाच्या पायावर काठी खाली येताना ती टाच उचलायची आणि पोटरीचा आतला गोळा वर चढायचा. जुन्या जखमेने तो गोळा मधोमध चिरलेला होता, कातड्याखाली दोन धोंडे ठेवल्यासारखा.

सांबप्पाचा पाय सडत गेला आणि तो गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवायचं होतं. मोडलेला पाय मुडपेना. विधी करणारे जंगम जोर लावायला लागले तशी आई, मल्लम्मा, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याला दुखंल."

शिवलिंग पोलिसांच्या अमीनाकडे गेला.

"तोंड बघितलं का?"

"न्हाई. पाय बघितला."

"पाँव का नाम क्या था?" अमीनाने विचारलं आणि शिपाई हसले.

त्या हसण्यातच शिवलिंगचं ठरलं. तो पाय काढायचा. तसली पोटरी पैलवानाचीच, आणि कुस्ती खेळणारा माणूस ज्याच्याशी लढतो त्याचा पाय हातांनी ओळखतो. चित्र खरं उतरलं तर कुणीतरी ओळखणारच.

पण कोळशाने काढलेला पाय केळीच्या खोडासारखा दिसायचा. म्हणून तो आगगाडीने परभणीला जाऊन बन्सीधर मास्तरांना भेटला. हैदराबादेत चित्रकला शिकून आलेले मास्तर तिथल्या शाळेत शिकवत. त्यांनी चित्र पाहिलं.

"तू कडेची रेघ काढायलास. पायाला रेघ नसती, गोलाई असती."

त्यांनी त्याला काठी दिली आणि ओली माती दिली. काठी म्हणजे हाड. तिच्यावर मातीच्या वळकट्या चढवायच्या. पोटरीचा बाहेरचा गोळा जरा वर संपतो, आतला खाली उतरतो. घोट्याचं उलट, आतलं हाड वर, बाहेरचं खाली. मांडीवरून एक लांब पट्टा तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या अंगाला येतो. मग मास्तरांनी त्या मातीच्या पायाला थोड्या थोड्या अंतरावर दोरे बांधले.

"तू कुठून बघितला व्हतास?"

"भुईवरून."

"मग आडवा हो आणि बघ."

शिवलिंग भुईवर गाल टेकून पाहू लागला. वरचे दोरे कमानीसारखे वाकलेले दिसत होते. गोळा फुगला तिथे दोरा फुगत होता, खळगा आला तिथे आत जात होता. चाकाआडून त्याने हेच पाहिलं होतं, त्याला ते सांगता येत नव्हतं.

तो दोन वर्षं शिकला. जोर-बैठका मारणाऱ्यांचे पाय पाहत बसायचा, घरी येऊन मातीत करायचा, मग कोळशाने. कुणी विचारलं तर म्हणायचा, "भीम काढायचाय."

सेलूच्या तालमीची भिंत नव्याने गिलावली तेव्हा त्याने तिच्यावर भीम काढायचं काम खरंच मागून घेतलं. पण भिंतीवर पुढे उभा राहिला तो दुर्योधन, पाठमोरा, टाच उचललेली, पोटरी मधोमध चिरलेली. मुंजाजी नावाचा जुना पैलवान अंगाला माती लावता लावता थांबला. त्याने भिंतीवरच्या पोटरीला तळवा लावला.

"ह्यो पाय म्या धरलाय. पेडगावच्या सटवाजीचा हाय."

चाकाआडून दिसलेला पाय सटवाजीचा, हे दोन आठवडी बाजारांत सगळ्या तालुक्याला कळलं. सटवाजीशी कुणी हात मिळवेना. तो उन्हातही धोतर घोट्यापर्यंत सोडून फिरू लागला. लंगोट लावून कुठल्याच आखाड्यात उतरायची त्याला सोय राहिली नाही. शेवटी तो भर बाजारात शिवलिंगकडे आला.

"पुसून टाक ते."

"तुजं नाव लिवलंय का तितं?"

सटवाजीने धोतर घोट्यावर आणखी खाली ओढलं.

"कुणी पाठवलं ते सगळ्यांम्होरं सांग. मंग पुसतो."

सटवाजीने सांगितलं. दिनकररावांनी बोलावून काय म्हटलं, कोण कोण होतं, सगळं, आणि शेवटी हात जोडले. मोंढ्यातली माणसं तराजू धरून ऐकत उभी होती. शिवलिंगने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्हाई पुसत. सांबप्पानं बी हात जोडले व्हते."

सटवाजी त्याच आठवड्यात मुलुख सोडून गेला. अमीनाने दिनकररावांना हातही लावला नाही, पण त्यांच्या जत्रेत पुन्हा पैलवान उतरले नाहीत. आखाड्यात तरवडाची झुडपं माजली.

"आता तरी पोट थंडावलं का?" मल्लम्माने एकदा विचारलं.

"न्हाई."

पुढे निजामी संपली त्या साली, सटवाजी जालन्याकडे कुठेतरी खंगून मेल्याची बातमी आली. लोक म्हणाले, आता पुसायला हरकत नाही. शिवलिंगने रंग कालवला, तालमीत गेला आणि पोटरीतल्या त्या चिरेची सावली आणखी गडद केली.