पानांच्या दिवसांत लस

"दहा माणसं समोर बसल्याशिवाय व्हायल उघडायची नाही," डॉक्टर साहेब पुन्हा म्हणाले.

समोर एक कुत्रं बसलं होतं.

भामरागडच्या आतलं गाव. कोरोनाची लस घेऊन आम्ही सकाळपासून गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, सावलीत होतो. गाड्यांचं कंत्राट माझं. ड्रायव्हर आजारी, म्हणून स्टेअरिंगवरही मीच. व्हायल म्हणजे लसीची छोटी बाटली. तिच्यात दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. फेकलेल्याचा जाब साहेबांना द्यावा लागे. इकडे लसीच्या डब्यातला बर्फ वितळत होता आणि आभाळ भरून येत होतं. पाऊस लागला की नाल्यावरून गाडी येत नाही.

"अंधश्रद्धा. सुईला घाबरतात," साहेब म्हणाले.

माझं डोकं फिरलं. याच पट्ट्यात मी पूर्वी तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, फळीवर हिशेब ठेवणारा मुन्शी होतो. फळी म्हणजे लोक पानांचे पुडे आणून विकतात ती मोकळी जागा.

"साहेब, गाव पानं तोडायले गेलं आहे. दुपारी फळीवर भेटंल. तिथी चला."

"मंजूर जागा हीच आहे."

"मग या कुत्र्यालेच टोचा."

लस टोचायला सोबत आलेल्या सिस्टर हसल्या. साहेब हसले नाहीत, पण थोड्या वेळानं गाडीत बसले.

फळीवर अख्खं गाव पुडे बांधत होतं. गावपाटील मला पूर्वीपासून ओळखत.

"काऊन भाऊ, पानं सोडून सुया विकून राह्यला का?"

"फुकट आहे, पाटील."

"फुकट कशी? शेजारच्या गावात टोचली, सारं घर तापानं लेटलं. आमची पानं कोण तोडंन, तू?"

हंगाम जेमतेम पंधरवड्याचा. वर्षभराची रोकड त्यातच. दुसरीकडे, पलीकडच्या पाड्यावर कोरोनानं माणसं गेली होती, हेही पाटलांना ठाऊक होतं. साहेब जीव वाचण्याबद्दल बोलू लागले. पाटलांची बायको पुडा बांधता बांधता गोंडीत काहीतरी म्हणाली आणि बायका खिदळल्या.

"ती म्हणते, आधी साहेबाले टोचा अन् तापात पानं तोडायले पाठवा," पाटील म्हणाले.

मी पाटलांना बाजूला घेतलं. "घरातून एकच माणूस. बाकीचे पानं तोडतील. आजचे तापातून उठले का उरलेल्यांसाठी गाडी आणतो."

"आणशील? का नाला भरला म्हणशील?"

"आणतो."

पाटलांनी स्वतःचाच दंड पुढे केला. दहा घरांतून दहा माणसं बसली. व्हायल उघडली, मग दुसरीही.

आठवड्यानं मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. "तिथलं काम झालं," ते म्हणाले.

"अर्ध्याच्या वर गाव राह्यलं आहे. मी शब्द दिला."

"तुम्ही दिलात. मी नाही."

"मग उद्यापासून माझ्या गाड्याही माझ्याच. एकही येणार नाई." मी टेबलावर हात आपटला. त्या रस्त्यांवर दुसरं कुणी गाडी घालत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"दोन व्हायल देतो."

"चार लागतात, साहेब."

"तीन. वाया घालवायला माझ्याकडे नाहीत."

तीनच घेऊन निघालो. तिन्ही संपल्या, तरी पाच-सहा माणसं राहिली. पाटलांच्या बायकोनं आपली जागा दोनदा दुसऱ्यांना दिली होती. ती त्यांच्यातच राहिली.

"हिचं काय?" पाटलांनी विचारलं. मी रिकामा डबा गाडीत ठेवला. परतताना नाल्याचं पाणी इंजिनापर्यंत आलं. त्यानंतर रस्ता बंद.

सारा पावसाळा तिकडून कुणी आलं की मी आधी तिचंच विचारायचो. पाणी उतरल्यावर पहिल्या गाडीनं सिस्टरना घेऊन गेलो. पाटलांची बायको अंगणात धान पाखडत होती. माझ्याकडे न बघता तिनं दंड पुढे केला.

साहेबांच्या अहवालात आलं, 'ग्रामस्थांचा गैरसमज दूर करून लसीकरण यशस्वी.' माझं नाव नव्हतं, ते एक सोडा. पण गैरसमज कुणाचा होता, हे मी आजही कुठल्याही मीटिंगमध्ये विचारतो. आणि गावात गाडी नेण्याआधी एवढंच विचारतो, की तिथे सध्या कामाचे दिवस कशाचे आहेत.