आबांच्या रक्ताचा रिपोर्ट

नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कित्येक वर्षं रक्त तपासतो आहे. सुई टोचण्याआधी प्रत्येकाला विचारतो, घरी काही गोळ्या चालू आहेत का? फॉर्मवरचा तो रकाना भरल्याशिवाय मी नमुना पुढे जाऊ देत नाही. लॅबमधले लोक चिडवतात, की मुलीच्या लग्नपत्रिकेवरही मी हा रकाना छापून घेईन.

माझ्या वडिलांच्या फॉर्मवर तो मी कोरा ठेवला.

आबा घोटीला भाताच्या गिरणीत होते. आयुष्यभर तुसाची धूळ छातीत गेली, वर बिडी. काम सुटल्यावर ते आणि आई इकडे माझ्याकडे आले, तेव्हाच त्यांची फुप्फुसं अर्धी गेली होती. वर्षातून एकदोनदा दम वाढायचा आणि दवाखान्यात ठेवावं लागायचं. मग मी घरच्यांना रिपोर्ट समजावून सांगायचो. सीआरपी चढला म्हणजे बहुधा संसर्ग जोरात आहे. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पार कमी झाल्या तर माणूस अवघड परिस्थितीत असू शकतो. आबांना एवढं काही नको असायचं. ते विचारायचे, आकडा उतरला का? उतरला म्हटलं की चहा मागायचे.

गेल्या थंडीत दम पुन्हा वाढला. आबा म्हणाले, दवाखाना नको, मागची ती पांढरी गोळी दे, तिनं लय बरं वाटतं. मागच्या वेळची स्टिरॉइडची अर्धी पट्टी कपाटात होती. मी तीन दिवस ती दिली, कोणाला न विचारता. मलाही रजा टाकायची नव्हती, हे खरं कारण. या गोळीने सीआरपी दबू शकतो आणि इओसिनोफिल जवळपास नाहीसे होतात, हे मला पाठ होतं.

चौथ्या दिवशी त्यांना पायऱ्या उतरवेनात. दवाखान्यात नेलं. रक्त मीच काढलं, मीच तपासलं. सीआरपी थोडासाच वाढलेला. इओसिनोफिल शून्य.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. ऑक्सिजन काठावर होता, छातीच्या फोटोत नवीन काही नव्हतं. ठेवायचं की घरी पाठवायचं, हे त्या कागदावर ठरणार होतं.

"हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत," ते म्हणाले. "घरी स्टिरॉइड वगैरे दिलं होतं का?"

मी लॅबवाला. रोज लोकांना याच गोष्टीवरून बोलणारा. मी म्हणालो, "नाही."

त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "नाय साहेब. पोरगा काय बी देत नाय मला."

एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, त्रास वाढला तर लगेच आणा म्हणाले. रिक्षात आबांनी विचारलं, आकडा उतरला ना? मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी ओठ निळे पडलेल्या अवस्थेत त्यांना परत नेलं. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. ते व्हेंटिलेटरवरून परत आले नाहीत.

दहावं झाल्यावर मी डॉक्टरांना भेटलो आणि सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, बहुधा तेच हवंही होतं. ते म्हणाले, गोळीचं माहीत असतं तर त्या सीआरपीवर मी विसंबलो नसतो, बाबांना ठेवून घेतलं असतं. वाचले असते का, हे मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात हे कोणाला माहीत आहे?"

"आबांना होतं," मी म्हणालो.

आईला अजून माहीत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, की घरातच तपासणारा होता म्हणून त्यांचे हाल झाले नाहीत. मी शेजारी बसलेला असतो. पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवतात, आणि मी त्यांना पाणी आणायला उठतो.