मंतरलेली रोटी

“अन्नावर आळ घेऊ नकोस, तेकबर. जीभ झडेल तुझी.”

“आळ कुठला, आई? रक्त तपासायचंय म्हटलं. दहबाचं, माझं आणि तुझंही.”

“माझ्या रक्तात काय सापडणार? वाळू?”

घलूहाने लेकीशी बोलता बोलता चहा उंचावरून पेल्यात ओतला. फेस चढला. तेकबरची चार वर्षांची पोर, दहबा, तंबूच्या खांबाला टेकून बसली होती. पाय काड्यांसारखे, पोट घड्यासारखं आणि डोळे कुणा म्हातारीचे. निर्वासितांच्या छावणीतली पोरं खेळायला हाका मारायची, तेव्हा ती त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मागे बघायची. जणू तिथे कुणी उभं होतं.

घलूहाच्या मते हे ‘तिचं’ काम. ‘तिचं’ नाव घरात कुणी घेत नसे. ती याच घराण्यातल्या पोरांच्या पोटात शिरते नि आतून खाते. घलूहाचे दोन मुलगे तिनेच नेले; दोघांचीही पोटं अशीच फुगलेली. म्हणून नातीवर उपाय चालला होता. फकीह, म्हणजे छावणीतला कुराण शिकवणारा, लाकडी पाटीवर कुराणातली आयत लिहून द्यायचा. घलूहा ती शाई पाण्याने धुवायची, त्याच पाण्यात मदतीच्या पोत्यातलं गव्हाचं पीठ मळायची आणि तापल्या वाळूत रोटी भाजायची. ती खाल्ली की पोर ओकायची, जुलाबांनी गळून जायची. “सोसवत नाहीये तिला. निघतेय बाहेर,” असं म्हणत घलूहा दुसऱ्या दिवशी आणखी मोठी रोटी करायची.

खोटं कशाला बोला, तेकबरचाही विश्वास होता. पाऊस झाला त्या वर्षी सगळे उंटांमागे लांब कुरणात गेले. दोन महिने नुसतं दूध आणि मांस. दहबा गुटगुटीत झाली, खिदळायला लागली. छावणीत परतल्यावर तिच्या तोंडावर तो म्हातारा चेहरा पुन्हा येऊन बसला. ‘ती’ इथेच वाट बघत होती, असं समजून तेकबरने तिला अडवायला स्वतःच्या हाताने दाराशी सुरी पुरली.

मग या उन्हाळ्यात फकीह गावाला गेला. पाटी कोरडी पडली, घरात साधी रोटी होऊ लागली. पोर तशीच ओकली. तेकबरच्या अंगावर सर्रकन काटा आला. ‘तिला’ आयत खुपत नव्हती, तर काय खुपत होतं? पुढे पिठाचे ट्रक तीन आठवडे आले नाहीत. भातावर राहिलेली दहबा तिसऱ्या आठवड्यात आपल्या पायांनी खेळायला गेली.

दवाखान्यातली नर्स एकेक विचारत गेली. गहू-बार्ली काही जणांचं आतडं खरवडतात, म्हणाली, आणि हे घराण्यात चालत येतं. तोंड येतं का कुणाला? रक्त कमी? अंगावर खाजरे फोड? उंची खुंटलेली? प्रत्येक प्रश्नासरशी घरातलं एकेक माणूस तेकबरसमोर येऊन उभं राहिलं. शेवटी ती स्वतःच.

“आणि तीच बाई सांगते, तपासणीपर्यंत रोटी चालू ठेवा,” घलूहा फिस्कारली. “वा रे वैद्यकी.”

“आधीच सोडली तर रक्तात खूण दिसत नाही, म्हणून. आई, माझं तोंड बारा महिने सोललेलं. तुझी कोपरं तू कंगव्याने खाजवतेस, मी लहान होते तेव्हापासून. हिचं पोट. ‘ती’ एकच आहे, आई. आपल्या तिघींत.”

घलूहाने बाही खाली ओढली. 

“धाकट्याला चावता येत नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “मी रोटी चावून त्याच्या तोंडात घालायचे. शेवटच्या दिवसापर्यंत. आता सांग, त्याला कुणी खाल्लं?”

कुणाला ठाऊक होतं, एवढंच म्हणायचं होतं तेकबरला. घशातून निघालं दुसरंच.

“तू नाही आलीस, तर नंतर माझ्या पाठीमागे हिला भरवशील. मला माहितीये. उद्या दवाखान्यात येतेस ना?”

दहबाने चहाशेजारच्या रोटीसाठी हात पुढे केला, आजीकडे. घलूहाला त्या हातावर तुकडा ठेववेना. मग तिने रोटी उचलली, कपाळाला लावली, पदरात बांधली आणि दाराचं कापड सारून निघून गेली. उजेड आत आला नि विझला. दहबाचा हात तसाच पसरलेला होता.