घर सोडून एक मजला

आमच्या घरातून आजवर एकच माणूस रागानं घर सोडून गेलंय, आणि ते म्हणजे मी.

सौदीतल्या यान्बू शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एकच विषय पेटला होता. दहावी झालेल्या इराला अकरावीसाठी पुण्याला आत्याकडे जायचं होतं आणि मला लेकीला पाठवायचं नव्हतं. दिवसभर आम्ही मायलेकी भांडायचो आणि रात्री जेवताना शेजारी बसून एक इंग्रजी विनोदी मालिका बघायचो. त्यातली आई चिडली की दार आपटून बाहेर पायरीवर जाऊन बसते, आणि दोन मिनिटांत अख्खं घर तिच्या मागे. मिठ्या, माफी, हशा, संपला विषय. असं खरंच होतं का, याचं मला फार कुतूहल.

एका शुक्रवारी दुपारी इरा म्हणाली, "आई, यू जस्ट डोन्ट लिसन."

"मग बसा तुम्हीच. मी चालले," म्हणून मी गाऊनवर ओढणी घेतली आणि दार आपटलं. ते आपोआप लॉक झालं. किल्ली आत, मोबाइल आत. बेल वाजवणं म्हणजे हार, म्हणून एक मजला उतरून पायरीवर बसले. (जिन्यात एसी नसतो, हे त्या मालिकेत कुणी सांगत नाही!) पायरी चांगलीच तापली होती. आधी कोण येईल, इरा की माझा नवरा महेश, याचा अंदाज बांधत राहिले.

दोघांपैकी कुणीच आलं नाही. आली ती खालची हैदराबादी शाहीनभाभी.

"ऐसे कायकू बैठे भाभी? एसी बंद पड गया क्या?"

रुसून बसलेय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? "हां," म्हटलं.

बिचारीनं लगेच रखवालदाराला फोन लावला. तो शिडी घेऊन आला, मागून मेकॅनिक आला, आणि आमची वरात वर निघाली. सगळ्यात शेवटी मी. महेशनं डोळे चोळत दार उघडलं. आत थंडगार.

"एसी तो चालू है," तो म्हणाला. मग मला बघून, "अगं, तू पण एसी बघायला आलीस?"

इरानं कानावरचे हेडफोन काढले. "आई, तू बाहेर कधी गेलीस?"

सगळे गेल्यावर मी तिला विचारलंच, "माझ्या मागे का नाही आलीस गं?"

"मला वाटलं तू किचनमध्ये असशील. तू घरात असतेसच ना, आई."

मला एकदम रडूच आलं. त्याच संध्याकाळी मी तिच्या पुण्याला हो म्हटलं. घर सोडून जिला एक मजलासुद्धा धड जाता आलं नाही, त्या बाईनं दुसऱ्याला काय अडवायचं?