रिकाम्या हौद्याची ताडपत्री

तारामतीनं नांदेडात ब्लाउज शिवणं सोडून ताडपत्र्या शिवायला घेतल्या, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. त्याचं तिला काही नव्हतं. तिला डाचत होती ती वेगळीच गोष्ट. नवरा माणिकप्पा स्वतः पिकअपवाला, अर्धापूरची केळी लातूरला पोचवणारा, आणि त्याच्याच गाडीवर तिची ताडपत्री नाही! मग स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर कशाला घेतील?

भरल्या गाडीवर तो आपली जुनी फाटकी बांधायचा. लातूरला माल उतरला की तीही घडी होऊन सीटमागं, आणि हौद्याचा मागचा फाळका खाली. "वारं आरपार जातंय, डिझेल वाचतंय," असं त्याचं ठाम मत. स्टँडवरचे झाडून सगळे हेच करत.

तारामतीनं मात्र एकदा केबिनच्या मागच्या काचेतून पाहिलं होतं. हौद्यात उरलेला केळीचा पाला गरगर फिरत होता आणि फाळका खाली असूनही बाहेर पडत नव्हता.

"वारं हौद्यातच घुमून राहिलंय अन् गाडीला मागं वढतंय," ती म्हणाली. "वरून झाकलं तर सरळ घसरून जाईल. एकदा बांधून तर बघा!"

पुष्कळ डोकं खाल्ल्यावर तो राजी झाला. येताना तिची ताडपत्री बांधली आणि नांदेडला नेहमीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. डिझेल रोजच्यापेक्षा जास्तच लागलं!

"बघ, तुझ्या ताडपत्रीनंच पिलं!" माणिकप्पाला हसू आवरेना. तारामतीचं तोंड एवढंसं झालं. पण गप्प बसेल तर ती कसली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गाडीत जाऊन बसली.

येताना लातूर सुटलं, वेग वाढला आणि मागं धबधब धबधब सुरू झालं. चाकूरच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला लावली. ताडपत्री पुरीसारखी टम्म फुगलेली!

"अहो, बांधलीय का वाळत घातलीय?"

चूक तिचीही होतीच. मालावरून पुरावी म्हणून तिनं ती चांगली ऐसपैस शिवली होती. मग काय, दाभण आणि सुतळी घेऊन बाई रस्त्याकडेलाच बसली. जास्तीचं कापड दुमडून टाके घातले, फाळका वर घेतला आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताडपत्री ताणून बांधली. अहमदपूर आलं तरी मागं आवाज नाही. तिला नाचावंसं वाटलं.

नांदेडला पंपावर नोझल रोजच्यापेक्षा आधीच खट्कन बंद झालं.

"मशीन बिघडलं काय? टाक अजून," माणिकप्पा म्हणाला. त्यानं गाडी गदागदा हलवली, पुन्हा थेंब थेंब भरलं. तरीही कमी! लई न्हाई, पण रोजच्यापेक्षा कमीच.

स्टँडवर गुंडप्पा ड्रायव्हरनं हौद्यावर थाप मारली. "रिकामी गाडी झाकून आणलीस? ही कुठनं घेतली?"

तारामतीनं नवऱ्याकडे बघितलं. तो "बाजारातनं" म्हणाला असता, तर तिथंच सगळं संपलं होतं.

"हिनं शिवलीय," माणिकप्पा मोठ्यानं म्हणाला. "डिझेल वाचतंय. मी सोता बघितलंय."

गुंडप्पा लगेच आपली गाडी पुढं घ्यायला धावला, तसा माणिकप्पा आडवा झाला. "थांब की! ही तर रस्त्यावर टाके घालून बसवलीय. नवी बेतायची हाय. आधी माझ्या गाडीचं माप."

तारामतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं, टेपचं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा, ताणून."